गडग्याची नोकरी

आंब्याच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा ती नोकरी कसली हे आईला सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. हंगामात आंब्याचा रस डब्यात भरायचा, एवढं तिला कळत होतं. पण बाकीचं वर्षभर मी फुटबॉल खेळणार आणि पगार त्याचाच घेणार, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना. "त्या खेळात तू करतंस काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, समोरून येणाऱ्या पोरीला पुढे जाऊ द्यायचं नाही, अडवायचं. आई अंगणात शेणी थापत होती. तिनं हात न थांबवता परड्याच्या कडेला रचलेल्या जांभ्या दगडांच्या गडग्याकडे मान वळवली. म्हणाली, "मंग ह्यो गडगा काय वेगळा करतो? त्याला कोन पगार देत नाय."

पुढे बरीच वर्षं मी ही गडग्याची नोकरी केली. आता पायऱ्या उतरताना गुडघे कुरकुरतात, आणि नातवंडांना आजी फुटबॉल खेळायची हे सांगितलं तर ती आधी हसतात, मग शांतपणे विचारतात की गोल किती केले. एकही नाही, म्हटलं की त्यांचा रस संपतो. त्यांच्यासाठी नाही, पण इतरांसाठी तरी हे लिहून ठेवावं असं वाटलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमचं घर हातखंब्याच्या अलीकडच्या एका वाडीत. वडील मुंबईला गिरणीत, भातशेती आई बघायची. वाडीतल्या आम्ही काही पोरी रत्नागिरीतल्या त्या कारखान्यात हंगामापुरत्या जात होतो. जेवणाच्या सुटीत मागच्या आवारात एक चेपलेला रिकामा डबा लाथाडायचा, हा आमचा खेळ. कारखान्याच्या मालकांना सगळे शेठ म्हणायचे. त्यांचं शिक्षण कोल्हापुरात झालेलं, आणि फुटबॉलचं वेड तिथूनच त्यांच्या डोक्यात शिरलेलं. एक दिवस ते खिडकीतून बराच वेळ आमचा डब्याचा खेळ बघत राहिले. आता बोलणी बसणार असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी आमचा संघ काढायचं आणि आम्हाला वर्षभर पगारावर ठेवायचं ठरवलं. काही दिवसांतच खराखुरा चेंडू आला आणि त्याच्यामागोमाग शिकवायला हसनमामा आले.

हसनमामा मूळ केळशीचे. उमेदीत ते बोटीवर इंजिनात होते, उतारवयात आमच्या कारखान्याच्या बॉयलरवर. बोट ज्या बंदराला लागेल तिथे खलाशांच्या संघातून ते फुटबॉल खेळलेले. पोरींना शिकवायला ते आधी तयार नव्हते म्हणे. मग एकदा बॉयलर सोडून आमचा डब्याचा खेळ बघायला आले, आणि फाटकात उभी राहून डबा बाहेर जाऊ न देणारी मी त्यांच्या नजरेला पडले. "ही मागं," एवढंच ते बोलले. माझी सगळी कारकीर्द त्या दोन शब्दांत ठरली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गोल करते ती खेळाडू आणि मागे उभी असते ती उरलेली. आमच्या धंद्यात मात्र चेंडू हिसकावून घेणं हे सगळ्यात शेवटचं काम. आधी समोरच्या पोरीला उशीर करायचा. ती मधून येत असेल तर तिला कडेला न्यायचं, उजव्या पायाची असेल तर डाव्या पायावर आणायचं. आपण घाई करायची नाही, घाई तिला करायला लावायची. ती चुकली की मग पाय घालायचा. सामन्यात चेंडू माझ्या पायाला फार थोडा वेळ लागायचा. उरलेला सगळा वेळ मी दुसऱ्या कुणावर तरी डोळे रोखून असायचे. इतकं टक लावून मी पुढे नवऱ्याकडेही कधी बघितलं नाही.

ही समोरची पोर म्हणजे आमचं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची असत. सांगलीकडची एक फार बोलकी होती. चेंडू तिच्याकडे यायला निघाला की ती मला विचारायची, "ताई, यंदा तुमच्याकडं आंबा कसा हाय?" मी शेजारधर्मानं उत्तर द्यायला तोंड उघडते तोवर बाई पसार. गोव्याच्या एकीनं तर सामन्याआधी हात मिळवतानाच सांगून टाकलं की तिला फार गुदगुल्या होतात, तेव्हा मी जरा लांबच राहावं. मी भाबडेपणानं लांब राहिले आणि तिनं गोल केला. मामांनी त्यानंतर मला कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलायची बंदी घातली.

आमचं मैदान म्हणजे कारखान्यामागचा सडा. रत्नागिरीकरांना सडा म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते, डोंगराच्या माथ्यावरचा सपाट, उघडा कातळ. पावसाळ्यात त्याच्यावर गवत आणि फुलं येतात, दिवाळी सरली की सगळं वाळून जातं आणि खालचा जांभा उघडा पडतो. त्याला बारीक बारीक भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला धार असते. चेंडू टप्पा खाऊन कुठे उडेल हे चेंडूलाही ठाऊक नसायचं. तो एका कडेनं घसरला की खालच्या काजूच्या झाडांत जाऊन पडे, आणि सगळा खेळ थांबवून कुणीतरी तो शोधून आणायचं. खिळ्यांचे बूट त्या दगडावर नुसते घसरायचे, म्हणून आम्ही कॅनव्हासचे घालायचो.

आणि त्या कातळावर पडायचं नाही. पहिल्याच वर्षी आमच्यातली मालती पळता पळता पडली आणि तिच्या गुडघ्याची वाटी फुटली. तिचा तो पाय पुन्हा कधी वाकला नाही. खेळात आमच्या सगळ्यांत चपळ होती ती. त्या दिवशी मामांनी आम्हाला कातळावर गोल बसवलं. मग म्हणाले, "आजपासून एक कायदा. पडनारीला धरायचा. ती कोनाची का असंना."

तेव्हापासून आम्ही धावण्याचा सराव करायचो तसा धरण्याचाही करायचो. पडणारीच्या कमरेत दोन्ही हात घालायचे, पण तिला ओढायचं नाही, नाहीतर दोघीही पडणार. तिच्या वेगाबरोबर आपण अर्धा फेरा फिरायचा, म्हणजे वेग मरतो आणि ती उभी राहते. हे विचार करून जमत नाही. विचार संपेपर्यंत ती कातळावर पोचलेली असते. म्हणून मामांनी ते इतक्यांदा करून घेतलं की हात आपसूक जायला लागले. बाहेरचे संघ आमच्याकडे खेळायला आले तरी कायदा तोच. फुटबॉलच्या नियमात धरणं हा गुन्हा आहे, पण आमच्या सड्यावर पंच शिट्टी वाजवायचे, चेंडू दोघींच्या मधे टाकायचे आणि खेळ पुढे सुरू व्हायचा.

पहिल्यांदा कोल्हापूरच्या स्पर्धेला गेलो तेव्हा आम्ही गवताचं मैदान बघितलं. पाऊस नुकताच सरलेला, गवत गच्च, आणि चालताना पायाखाली गादी असल्यासारखं वाटत होतं. आमच्या काही पोरी तर लोळून आल्या. सामना सुरू झाला आणि हसू मावळलं. कातळाच्या सवयीनं आम्ही मागच्या सगळ्याजणी टप्प्याला जागा सोडून मागे सरकून उभ्या. टप्पा पडलाच नाही. चेंडू गवतात पडे आणि तिथेच बसून राही, आणि आम्ही मात्र आभाळाकडे बघत वाट बघत असायचो. तोवर समोरच्या संघातली एक बुटकी पोर येऊन तो घेऊन जायची.

ती पद्मा. मुंबईतल्या एका मोठ्या कार्यालयाचा संघ होता, त्यात ती आघाडीला खेळायची. माझ्याच वयाची, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, अंगापिंडानं अगदी किरकोळ. ती चेंडू घेऊन माझ्यासमोर आली आणि थांबली. आजवरची माझी सगळी गिऱ्हाइकं पळणारी होती. ही चेंडू पायाशी ठेवून नुसती उभी राहिली, एसटीची वाट बघत असल्यासारखी. घाई न करण्याची विद्या मी मोठ्या कष्टानं शिकले होते, आणि इथे माझ्याहून कमी घाई असलेलं माणूस माझ्यासमोर उभं होतं. माझा तोल किंचित पुढे गेला असेल. तेवढ्यात ती माझ्या बाजूनं निघून गेली.

मी वळून तिच्यामागे पळायला हवं होतं. मी जागची हलले नाही. ती पुढे आणखी एकीसमोर तशीच थांबली, तिलाही तसंच सोडून गेली, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. इतकं सुंदर काही मी तोवर बघितलं नव्हतं. आपल्याला कुणीतरी मूर्ख बनवलंय आणि आपल्याला त्याचा आनंद होतोय, हा अनुभवच मला नवा होता. रेषेबाहेरून मामा ओरडले, "नंदा, तू खेळाय आलीस का बगाय?"

सामना आम्ही सपाटून हरलो. घरी आल्यावर मी ओटीवर एक नारळ पायाशी ठेवून थांबायचा सराव करायचे. आईनं ते दोन-तीनदा बघितलं आणि शेवटी नारळ उचलून आत नेला.

पुढच्या वर्षी शेठचे धाकटे भाऊ कारखान्यात लक्ष घालायला लागले. त्यांना पोरींचा संघ ही थोरल्या भावाची चैन वाटायची. शेठनी आम्हाला बोलावून सरळ सांगितलं की भावाला त्यांनी शब्द दिलाय. कोल्हापुरात शेवटच्या चार संघांत आलो तर संघ राहील. नाहीतर येत्या हंगामापासून आम्ही सगळ्या फक्त डबे भरायला. माझ्या बाबतीत डबे भरणंही फार दिवस चाललं नसतं. आईनं गुहागरचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. नारळी-पोफळीची बाग, माणसं चांगली. खेळ संपला की मी बोहल्यावर, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं. स्थळात काही खोट नव्हती. पण मला आणखी एकदा तरी पद्मासमोर उभं राहायचं होतं. तेही एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा.

त्या वर्षी मामांनी आम्हाला सड्यावरून उतरवून भात कापलेल्या मळ्यात खेळवलं, मऊ जमिनीची सवय व्हावी म्हणून. ते लागू पडलं. कोल्हापुरात पहिला सामना जिंकलो. दुसरा जिंकलो की शेवटच्या चारांत. आणि दुसरा सामना नेमका पद्माच्या संघाशी.

या वेळी ती माझ्यासमोर थांबली तेव्हा मीही थांबले. मधे चेंडू, ती हलत नाही, मी हलत नाही. लोक आधी हसले. मग रेषेपर्यंत पुढे सरकले. ती माझ्या पायांकडे बघत होती आणि मी तिच्या. शेवटी तीच निघाली, पण मी नेलं तिकडेच, कडेला. दुसऱ्या खेपेला ती गेली. तिसऱ्या खेपेला मी नाही जाऊ दिलं. सगळा सामना असा चालला होता. माझ्या आयुष्यात इतकं नेटकं काम मी ना त्याआधी केलं ना नंतर, आणि ते तिनं माझ्याकडून करून घेतलं असंच मला वाटतं. समोर कुणी साधीसुधी असती तर माझ्यात एवढं आहे हे मलाही कळलं नसतं.

सामना संपत आला तरी गोल कुणाचाच नव्हता. बरोबरी झाली असती तर थेट गोलवर मारायचे फटके, आणि त्यात आमची गोलरक्षक कुणाला ऐकणारी नव्हती. म्हणजे आम्हाला नुसतं टिकायचं होतं. तेवढ्यात पद्मा चेंडू घेऊन आमच्या गोलजवळच्या चौकटीत शिरली. मी तिला ढकलत, म्हणजे नुसत्या अंगानं रेटत, अगदी कडेला नेलं. चेंडू तिच्या पायातून सुटला आणि बाहेरच्या रेषेकडे घरंगळायला लागला. मी जिंकले होते. तेवढ्यात तिचा पाय गवताच्या ठोंबात अडकला आणि ती पुढे झेपावली.

खाली गादीसारखं गवत होतं. ती पडली असती, गुडघे झटकून उठली असती. पण माझे हात तिच्या कमरेत गेले होते. मी तिच्याबरोबर अर्धा फेरा फिरले आणि तिला अलगद उभी केली, मामांनी शिकवलं होतं अगदी तसंच. चेंडू अजून रेषेच्या अलीकडे होता, म्हणजे खेळ चालूच होता. पंचांची शिट्टी वाजली.

पद्मा माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता, ती नुसती चक्रावली होती. "धरलंस कशाला?" तिनं विचारलं. आमच्या पोरी डोक्याला हात लावून उभ्या होत्या. पंचांनी गोलसमोरच्या खुणेकडे बोट दाखवलं. चौकटीत धरल्याची शिक्षा म्हणजे थेट गोलवर फटका.

फटका तिनंच मारला. मारण्याआधी ती नेहमीसारखी थांबली, आणि मग चेंडू कोपऱ्यात गेला, गोलमधल्या आमच्या वाघिणीला हलायलाही न देता. त्या एका गोलनं आम्ही हरलो. मनात आणलं असतं तर तिला तो बाहेर मारता आला असता. तिनं मारला नाही, याचं मला तेव्हाही बरं वाटलं आणि आजही वाटतं. माझ्यावर कीव करून तिनं तसं केलं असतं तर सबंध सामनाच नासला असता.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. घाट उतरायला लागलो तेव्हा मामा माझ्या शेजारी येऊन बसले. मी मान खाली घालून बोलणी खायच्या तयारीत. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझाच शिकवलेला. गवतावर सोडायचा, हे सांगायचा राहिला."

शेठनी शब्द पाळला, संघ मोडायचं ठरलं. पण मोडण्याआधी रत्नागिरीच्या लोकांना एक चांगला सामना दाखवावा म्हणून माघात त्यांनी मुंबईच्या त्याच संघाला आमच्या सड्यावर बोलावलं. अर्धं गाव लोटलं होतं. ऊन तापायच्या आधी सामना उरकायचा होता. मालती तिचा सरळ पाय समोर पसरून खुर्चीत बसली होती.

सामन्याआधी मामांनी पाहुण्या पोरींना आमचा कायदा सांगितला. इथं पडायचं नाही, आणि दुसरीला पडू द्यायचं नाही. त्या पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. पद्मा मात्र खाली बसली. तिनं कातळावरून तळहात फिरवला, धारा बोटांनी चाचपल्या. मग तिची नजर खुर्चीतल्या मालतीच्या पायावर गेली, आणि तिथून माझ्यावर. उठून हात झटकून आपल्या जागेवर गेली.

सामना कसा झाला ते फारसं लक्षात नाही. एवढंच आठवतं की उंच उडालेल्या एका चेंडूमागे मी मागे वळून जिवाच्या आकांतानं धावत होते आणि पद्मा माझ्या बरोबरीनं. चेंडूनं टप्पा खाल्ला, भलतीकडेच उडाला, आणि मी त्याच्याकडे वळताना माझा पाय मुरगळला. कातळ वर यायला लागला. त्याची भोकं मला अगदी जवळून दिसली. मालती डोळ्यांसमोर आली.

आणि माझ्या कमरेत दोन हात पडले. तिनं मला फिरवलं, पण उलट्या बाजूनं, त्यामुळे आम्ही दोघी हेलपाटत चार पावलं गेलो आणि कशाबशा उभ्या राहिलो. शिट्टी वाजली. चेंडू कडेवरून काजूत गेला होता आणि कुणीतरी तो आणायला उतरलं होतं. ती एवढीशी पोर, आणि तिनं माझ्या अख्ख्या वजनाला पेललं होतं. जे शिकायला आम्हाला वर्ष लागलं, ते ती नुसता दगड चाचपून शिकली होती.

तिचे हात अजून माझ्या कमरेतच होते. तिच्या संघाच्या व्यवस्थापिका बाई रेषेवर उभ्या होत्या. पद्मानं त्यांना तिथूनच सांगितलं, "मॅडम, ही मला समोर नको. पाठीशी द्या."

त्यांच्या कार्यालयाच्या संघात मागची एक जागा रिकामी होती. रीतसर निवड झाली, मग बोलावणं आलं. आमचा संघ मात्र गेला तो गेलाच. बाकीच्या पोरी आंब्याच्या हंगामाला डबे भरायला परत गेल्या. त्यांच्यातल्या दोघी-तिघी माझ्याहून सरस होत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांना कुणी बघायलाच आलं नाही. मालतीनं निघताना मला आपले कॅनव्हासचे बूट दिले. माझ्या पायात ते बसत नव्हते, तरी मी घेतले.

आईला सांगायला गेले तेव्हा ती गडग्याचा ढासळलेला कोपरा रचत होती. मी म्हटलं, मुंबईला नोकरी लागली, खेळायचीच. आता कुणाला अडवायचंय, तिनं विचारलं. मी म्हटलं, जिला इतके दिवस अडवलं तिच्याच मागे उभं राहायचंय. तिनं एक दगड बसवला, हलत नाही ना ते दाबून बघितलं. मग म्हणाली, "मंग जा गो. गुहागरवाल्यांस्नी मी सांगतंय."

मुंबईतला पहिला सामना गवतावर होता. पद्मा समोरच्या संघाच्या बचावापुढे गेली, चेंडू पायाशी ठेवला आणि थांबली. तिच्यासमोरच्या बिचारीचं काय होत असेल ते मला पक्कं ठाऊक होतं. माझी जागा तिच्यापासून लांब, मागे होती, आणि तिथून सगळं दिसत होतं. मी उभी राहिले आणि बघत राहिले. आता मला कुणी ओरडणार नव्हतं.